चंद्रातला चेहरा : एकतर्फी ओढीच्या तीन कहाण्या

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या गृहपाठाच्या वह्या तपासत होते. उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत हे रोजचेच काम. त्या ढिगात एक वही अशी निघाली की जी तपासायला दिलेलीच नव्हती, चुकून आली होती. कव्हरच्या आतल्या बाजूला बीटीएस या कोरियन गायकांच्या गटातील एका तरुणाचे चित्र चिकटवलेले होते आणि पानापानांवर त्याला लिहिलेली पत्रे होती. सगळी उर्दूत, सुवाच्य अक्षरात, तारीख घालून. दुसऱ्या दिवशी मी त्यातले एक वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसले आणि वर विचारले, "त्याला तुझी उर्दू वाचता येते का गं?" मुलगी काही बोलली नाही. वही मी कपाटात ठेवून दिली. त्यानंतर दहावी संपेपर्यंत त्या मुलीने निबंधात चार-पाच ओळींपेक्षा जास्त कधी लिहिले नाही. त्याआधी ती दोन-दोन पाने लिहायची.

बी.एड.ला असताना शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात 'किशोरावस्थेची वैशिष्ट्ये' हा हमखास येणारा प्रश्न होता. त्याच्या उत्तरात 'वीरपूजा' असा एक मुद्दा असे. त्यावर चार ओळी लिहिल्या की गुण मिळत. मलाही मिळाले होते. पण ही वीरपूजा नेमकी काय असते, ती आतून कशी दिसते, याचा विचार त्या वहीच्या निमित्ताने मी पहिल्यांदा केला. माझा अभ्यास साहित्याचा आहे, म्हणून उत्तरही साहित्यात आणि सिनेमात शोधले. प्रस्तुत लेखात मी तीन कहाण्या एकमेकींशेजारी ठेवून पाहणार आहे. एक अठराव्या शतकातील शायराची, एक 1971 च्या 'गुड्डी' या चित्रपटाची आणि एक 2016 च्या 'फॅन' या चित्रपटाची.

आधी मानसशास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्या काळी रेडिओबरोबर टेलिव्हिजनही घराघरांत आला होता. त्यांचे निरीक्षण असे, की पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो तेव्हा पाहणाऱ्याला तो आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते. हळूहळू त्याच्या सवयी, त्याचे हसणे, त्याच्या आवडीनिवडी आपल्याला ओळखीच्या होतात. एखाद्या मित्राविषयी वाटावी तशी माया वाटू लागते. मात्र हा संबंध एका बाजूनेच चालतो. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. याला त्यांनी अंतरावरची जवळीक म्हटले. त्यांनी उदाहरण दिले ते 'लोनसम गॅल' नावाच्या रेडिओ कार्यक्रमाचे. त्यात एक स्त्री एकट्या पुरुष श्रोत्याला उद्देशून, जणू तो समोरच बसला आहे असे समजून, लाडिकपणे बोलत असे. हजारो माणसे ऐकत होती आणि प्रत्येकाला ती आपलीच वाटत होती.

या लेखातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की अशी ओढ वाटणे हा त्यांच्या मते मुळात आजार नव्हे. हीच जवळीक खऱ्या माणसांची जागा घेऊ लागली आणि वास्तवाला जुमानेनाशी झाली, तरच ती आजाराकडे झुकते. पुढे 2002 मध्ये मॅककचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध व्यक्तींविषयीच्या ओढीची मोजपट्टी तयार केली. ती वापरणाऱ्या अभ्यासकांनीही तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली करमणुकीची आणि चारचौघांत गप्पा मारण्याची, दुसरी उत्कट खासगी ओढीची आणि तिसरी रोगाच्या सीमेवरची. दुसरी महत्त्वाची गोष्ट ही, की हा भास एकट्या चाहत्याने रचलेला नसतो. पडद्यावरचा माणूस आणि त्याच्या मागचा धंदा तो भास जाणूनबुजून जोपासत असतो. एकतर्फी प्रेमाचा दोष आपण नेहमी प्रेम करणाऱ्याच्याच माथी मारतो. हॉर्टन-वोल मात्र दुसऱ्या बाजूकडेही बोट दाखवतात.

आता पहिली कहाणी. मीर तकी 'मीर' (1723-1810) हा उर्दूचा फार मोठा शायर. लहानपणीच बापाचे छत्र गेले. आग्र्याहून दिल्लीला सावत्र नात्यातल्या खान-ए-आरजूंच्या आश्रयाला आला आणि तिथे त्याला मायेऐवजी दुरावा मिळाला. या काळात त्याला वेडाचा झटका आला. 'जिक्र-ए-मीर' या फारसी आत्मचरित्रात आणि 'ख्वाब-ओ-खयाल' या मसनवीत त्याने स्वतःच त्याविषयी लिहिले आहे. त्याला रात्री चंद्रात एक सुंदर आकृती दिसू लागली. ती आपल्याकडे येते आहे असे वाटे. त्या आकृतीवाचून दुसरे काही सुचत नसे. हकीमांचे उपचार झाले आणि हळूहळू तो बरा झाला.

आमच्याकडे ही हकीकत शायराच्या नाजूक मिजाजाचा किस्सा म्हणून सांगतात. मला ती आता वेगळी दिसते. एक पोरका, अपमानित मुलगा. जमिनीवर त्याच्याकडे मायेने बघणारे कोणी नाही. म्हणून तो आकाशात असा एक चेहरा शोधतो की जो त्याच्याकडेच बघतो आहे. चंद्र तर सगळ्यांनाच दिसतो. पण प्रत्येकाला तो आपल्यासोबत चालतो आहे असे वाटते. पडद्यावरच्या चेहऱ्याचेही तसेच नाही का?

मीर बरा झाला आणि त्याने त्या चेहऱ्यावर मसनवी लिहिली. उर्दू गझलची एकूण रीतही अशीच आहे. गझलमधला आशिक एकतर्फीच असतो. माशूकचे तगाफुल, म्हणजे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष, हा तर गझलचा कायमचा मजमून. हिज्र आहे, रकीब आहे, आणि माशूकला 'सनम' किंवा 'बुत' म्हणणेही आहे. मूर्तीवर प्रेम केले तर मूर्ती बोलणार नाही, हे त्या शब्दातच कबूल केलेले असते. आशिकला उत्तर मिळणार नाही हे माहीत असते. त्याला कधी वाटलेच की माशूकने आपल्याकडे पाहिले, तर त्या खुशफहमीची थट्टा तो स्वतःच शेरात करून घेतो. म्हणजे एकतर्फी ओढीला आमच्या भाषेने नाव दिले, अदब दिली आणि स्वतःवर हसण्याची सोयही करून दिली. ही ओढ आम्हाला नवीन नाही. तरीही तीच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या वहीत दिसली तेव्हा गझल शिकवणारी मी तिला ओळखू शकले नाही.

दुसरी कहाणी 'गुड्डी'ची. हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट 1971 चा. कथा गुलजारांची, संगीत आपल्या वसंत देसाईंचे. कुसुम ऊर्फ गुड्डी (जया भादुरी) ही शाळकरी मुलगी धर्मेंद्रच्या प्रेमात आहे. नवीन नावाचा तरुण तिला लग्नाविषयी विचारतो तेव्हा ती सांगते, की मीरेचे जसे कृष्णावर, तसे माझे धर्मेंद्रवर प्रेम आहे. नवीनचे मामा, प्रोफेसर गुप्ता (उत्पल दत्त), यांना मानसशास्त्र कळते. ते खुद्द धर्मेंद्रला गाठतात आणि त्याच्या मदतीने गुड्डीला स्टुडिओ दाखवतात. पडद्यामागचा घाम, नकली मारामाऱ्या, हिरो व्हायला घर सोडून आलेला आणि आता एक्स्ट्रा म्हणून राबणारा असरानी, असे सगळे ती बघते. पडद्यावरचा खलनायक प्राण प्रत्यक्षात भला माणूस निघतो. नवीनला तिच्या नजरेत उंच करण्यासाठी काही प्रसंगही जुळवून आणले जातात. तिचे डोळे उघडतात आणि ती नवीनला होकार देते.

'गुड्डी' मला आवडतो. त्यात चाहतीची टवाळी नाही, धर्मेंद्र स्वतःच्या प्रतिमेवर हसतो, आणि एक्स्ट्रा व कामगारांविषयीची करुणा खरी आहे. पण त्यातले निदान मला पटत नाही. हा चित्रपट असे धरून चालतो की ओढ अज्ञानातून येते. सत्य दाखवा, भ्रम जाईल. आम्हा शिक्षकांचाही हाच समज असतो. माझ्या त्या प्रश्नाचा अर्थ तरी दुसरा काय होता? 'त्याला तुझी उर्दू येत नाही' हे मी तिला ज्ञान म्हणून देत होते, जणू तिला ते माहीतच नव्हते!

दुसरे असे की गुड्डीला कोणी विचारतच नाही, 'बाई, तुला या माणसात काय सापडले?' प्रोफेसर, नवीन आणि धर्मेंद्र हे तीन पुरुष एकत्र बसून तिच्या मनाचा इलाज ठरवतात. तिला न सांगता प्रयोग होतो. प्रयोग यशस्वी झाला याचा पुरावा काय, तर ती लग्नाला तयार झाली. खरे पाहता धर्मेंद्रवर प्रेम असण्याचा गुड्डीला एक फायदा होता. तोपर्यंत कोणाच्या घरात जायचे हे तिला ठरवावे लागत नव्हते. दूरचा माणूस काही मागत नाही, रागावत नाही, घाई करत नाही. वयात येणाऱ्या मुलीला प्रेमाची तालीम करायला ही सुरक्षित जागा असते. चित्रपट तिची ती जागा काढून घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

आणि एक गोष्ट सहज निसटते. गुड्डी बरी झाली ती वास्तव पाहून की धर्मेंद्रने तिला वेळ दिला म्हणून? ज्याच्यासाठी झुरलो तो समोर बसून बोलला, त्याने आपल्याला नावाने ओळखले. हा इलाज किती चाहत्यांच्या नशिबी असतो?

इथेच तिसरी कहाणी सुरू होते. मनीष शर्मांचा 'फॅन' 15 एप्रिल 2016 रोजी आला. दिल्लीतला गौरव चांदना सुपरस्टार आर्यन खन्नासारखा दिसतो. दोन्ही भूमिका शाहरुख खानच्याच. गौरव सायबर कॅफे चालवतो, मोहल्ल्याच्या स्पर्धेत आर्यनची नक्कल करून बक्षीस मिळवतो आणि ती ट्रॉफी आर्यनला वाढदिवशी भेट द्यायला मुंबईला निघतो. कधी काळी आर्यन विनातिकीट आला होता म्हणून हाही विनातिकीट येतो. तो ज्या हॉटेलात उतरला होता तिथेच उतरतो. बंगल्यासमोरच्या गर्दीत त्याला कोणी विचारत नाही. मग आर्यनला त्रास देणाऱ्या दुसऱ्या नटाला तो मारहाण करतो. यामुळे आर्यन खूश होईल अशी त्याची समजूत. आर्यन त्याला पोलिसांकरवी पकडवतो. कोठडीत भेट होते. गौरव पाच मिनिटे मागतो. आर्यन म्हणतो, माझ्या आयुष्यातली पाच मिनिटे मी तुला का द्यावीत?

हा प्रसंग 'गुड्डी'च्या अगदी उलट आहे. ताऱ्याने वेळ नाकारला. आर्यनचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे, गौरवने गुन्हा केला आहे. पण हाच आर्यन व्यासपीठावर सांगतो की तुम्ही आहात म्हणून मी आहे. हजारांना मिळून जे सांगितले ते गौरवने एकट्यासाठी मानले. पण ते सांगायची पद्धत तशीच होती ना, की प्रत्येकाने ते स्वतःसाठी मानावे? हॉर्टन आणि वोल यांनी हेच साठ वर्षांपूर्वी लिहिले होते.

गौरवकडे पाहिले की माझा आणखी एक सोपा समज मोडतो. मीरची हकीकत वाचून वाटते की ज्याला घरात माया नाही तो चंद्राकडे बघतो. पण गौरवला प्रेमळ आई-बाप आहेत, शेजारची मैत्रीण आहे. उणीव मायेची नाही. उणीव आहे ती स्वतःच्या नावाची. मोहल्ल्यात त्याची जी काही ओळख आहे ती आर्यनसारखा दिसणारा मुलगा म्हणून आहे. टाळ्या पडतात त्या नकलेला. त्यामुळे आर्यनने नाकारले तेव्हा त्याचे केवळ मन मोडत नाही, त्याची ओळखच पुसली जाते. मग तो घरातली चित्रे जाळतो आणि आर्यनचा चेहरा घेऊन आर्यनलाच बदनाम करत सुटतो.

गुड्डी आणि गौरव यांना शेजारी ठेवल्यावर आणखी एक फरक दिसतो. मुलगी नटाच्या प्रेमात पडली, तर घर चिंतेत पडते आणि इलाज शोधते. मुलगा नटाच्या प्रेमात पडला, तर मोहल्ला त्याला ट्रॉफी देतो. खरा धोका होता तो दुसऱ्या ठिकाणी, आणि तिथे कोणालाच इलाजाची गरज वाटली नाही. आपल्या वस्त्यांतही हेच चालते. मुलगा नटासारखे केस राखतो, त्याच्या पहिल्या खेळाला फटाके वाजवतो, आणि घरचे हसतात. मुलीच्या वहीत चित्र सापडले की ते हराम आहे की हलाल याची चर्चा सुरू होते. माझ्या वर्गातही तेच झाले. त्याच वर्गातला एक मुलगा दप्तरावर क्रिकेटपटूचे नाव लिहून येत असे. त्याच्या दप्तराविषयी मी कधी काही बोलले नाही.

'फॅन'चा उत्तरार्ध मात्र फसला आहे. लंडन, दुब्रोव्हनिक, पाठलाग, मारामारी यांत गौरवचे मन हरवते आणि तो नुसता खलनायक उरतो. त्याला वेडा ठरवले की तारा आणि धंदा दोघेही सुटतात. शेवटी तो आर्यनचा हात नाकारून मरतो आणि नंतर आर्यनला गर्दीत त्याचा चेहरा दिसतो. या एका दृश्यात चित्रपट आपल्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. चंद्रालाही खालचा चेहरा दिसला. पण तो दिसायला एक जीव जावा लागला.

मग मीर वाचला आणि गौरव का नाही? माझ्या मते मीरने त्या चेहऱ्याचे स्वतःचे काहीतरी केले. त्याची मसनवी चंद्राची नक्कल नाही, ती मीरची आहे. गौरवकडे नकलेपलीकडे काही नव्हते आणि त्यापलीकडे जा असे त्याला कोणी म्हटलेही नाही.

नक्कलसुद्धा स्वतःची होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मालेगावात आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली गावातल्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागाच्या या गावाचे सिनेमावर वेड्यासारखे प्रेम. मुंबईच्या पडद्याला मालेगाव ठाऊक नव्हते, ओढ एकतर्फीच होती. पण त्यांनी मुंबईच्या दारात उभे राहून पाच मिनिटे मागितली नाहीत. 'शोले'ची विडंबनाने नक्कल करून त्यांनी आपली बोली आणि आपली गरिबी त्यात घातली. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्यातला सुपरमॅन शफीक हा यंत्रमाग कामगार. नंतर तो कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) हा माहितीपट पाहावा. त्यातला शफीक हडकुळा आहे, पण तो कोणाची सावली वाटत नाही.

यावरून चाहत्याने कलावंत झालेच पाहिजे असा नियम कोणी काढू नये. माझी अम्मी आयुष्यभर दिलीपकुमारची चाहती. तिने त्याला कधी पत्र लिहिले नाही, पाहिलेही नाही. 7 जुलै 2021 रोजी तो गेला तेव्हा ती दुपारी जेवली नाही, अस्रनंतर दुआ मागितली आणि संध्याकाळी नेहमीसारख्या भाकऱ्या थापायला बसली. अब्बांनी तिला चिडवले नाही, ही त्यांची समज. तिला ठाऊक होते की तो तिला ओळखत नव्हता. त्याने तिच्या प्रेमात काही उणे येत नव्हते. मॅककचनच्या पायऱ्यांवर अम्मीला कुठे बसवावे मला कळत नाही, पण तिला इलाजाची गरज नव्हती हे नक्की.

आजच्या मुलांची अवस्था अम्मीपेक्षा अवघड आहे. दिलीपकुमार आठवड्यातून एकदा दूरदर्शनवर येई. आजचा तारा हातातल्या फोनमध्ये रात्री दोन वाजताही बोलतो, चाहत्यांना लाडाचे नाव देतो, जेवलात का म्हणून विचारतो. त्या जवळिकीवर पैसे मिळवणाऱ्या कंपन्या आहेत. एवढ्या तयारीनिशी जो भास रचला जातो, त्याला एक मूल बळी पडले तर त्याला हसणे हा अन्याय आहे. भासाची कारागिरी त्याला समजावून सांगावी, हे 'गुड्डी'चे म्हणणे मी आजही मानते. मात्र त्याआधी गुड्डीला कोणी न विचारलेला प्रश्न विचारावा. तुला त्यात काय सापडले? आणि उत्तर ऐकायला थांबावे.

दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी कपाटातून ती वही काढली आणि त्या मुलीला परत दिली. माफी मागायचे ठरवले होते, पण मुली भोवती होत्या, शब्द सुचले नाहीत. तिनेच विचारले, "टीचर, तुम्ही पुढचं वाचलंत?"

मी म्हटले, "नाही."

"त्यात त्याच्याबद्दल फार नव्हतं," ती म्हणाली, आणि वही दप्तरात टाकून गेली. तिचे वडील कुवेतला असतात, दोन वर्षांतून एकदा येतात, एवढे मला हजेरीपटावरून माहीत होते. बाकी त्या पत्रांत काय होते ते मला माहीत नाही. मी एकच वाक्य वाचले होते, आणि तेही वर्गाला हसवण्यासाठी.